गालिच्यावरचा बर्फ आणि ईस्ट कोस्टची पाकट

सिंगापूरहून परतलेला माणूस भेटला की तो आधी स्वच्छतेवर बोलतो, मग रस्त्यांवर, आणि शेवटी "आपल्याकडे कधी होणार हे सगळं" असा सुस्कारा टाकतो. मी तसलं काही सांगणार नाही. रस्ते स्वच्छ आहेत, कबूल. ज्यांना रस्ते बघायला विमानानं जायचंय त्यांनी खुशाल जावं. मी भाचीकडे गेले होते, आणि तिथे जे पाहिलं त्यावर इथे सदाशिव पेठेत कोणी विश्वास ठेवत नाही, म्हणून लिहून काढते आहे. विषुववृत्ताला जवळजवळ टेकलेल्या, बारा महिने घाम गाळणाऱ्या त्या बेटावर आपली मराठी माणसं पोरांना बर्फावरून घसरायला शिकवतात.

माझ्याविषयी थोडं. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले. लग्न केलं नाही, त्यामुळे घरात मला बोलताना अडवणारं कोणी नव्हतं, आणि ती सवय घराबाहेरही टिकली. केतकी ही माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. रॅफल्स प्लेसला एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे. नवऱ्यापासून वेगळी झाली त्याला बरीच वर्षं झाली, आता ती आणि तिची चौदा वर्षांची इरा अशा दोघीच राहतात. इरा मला मावशीआजी म्हणते.

ईस्ट कोस्ट, बुधवार

केतकीचा फ्लॅट समुद्राजवळच्या कॉन्डोत आहे. कॉन्डो म्हणजे आपली सोसायटीच, फक्त वॉचमन हसत नाही आणि पोहण्याच्या तलावाभोवती काय काय करू नये याच्या पाट्या तलावाहून जास्त जागा अडवतात. सकाळी केतकीनं मला खाली नेऊन तिथला प्रसिद्ध नाश्ता खाऊ घातला. भाजलेला पाव, आत नारळ आणि अंड्याचा गोड लगदा, त्याच्याही आत लोण्याची वडी. सोबत कॉफी. ती इतकी गोड की आपल्याकडे तिला वाटीत घालून खीर म्हणून वाढली असती.

तिथेच अभिजितची गाठ पडली. हा मूळचा कोथरूडचा, जुरोंग आयलंडवर एका रासायनिक कारखान्यात सेफ्टी इंजिनिअर. रोज कंपनीच्या बसनं गळ्यात पास घालून कामाला जातो. त्या दिवशी त्याची सुट्टी होती, तरी पास गळ्यातच होता. पोरांना बर्फावरून घसरायला शिकवणाऱ्या पालकांचं एक मंडळ आहे, त्याचा तो प्रमुख. त्यानं मला सगळी योजना समजावून सांगितली. जवळच्या मॉलमध्ये स्नोबोर्ड, म्हणजे फळीवर उभं राहून बर्फावरून घसरणं, शिकायची सोय आहे. जी मोठी मुलं शिकून तयार झाली ती आता लहान मुलांना शिकवतात. प्रत्येक मोठ्याच्या हाती चारपाच लहानगी, आणि या मोठ्यांना म्हणायचं मेंटॉर.

"हे सगळं कम्युनिटीसाठी आहे, मावशी. गिव्हिंग बॅक," अभिजित म्हणाला.

"काय घेतलं होतं ते परत देताय?" मी विचारलं. त्याला ते विनोदी वाटलं.

पुढची गोष्ट केतकीनं सांगितली, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रविवारी परीक्षा होती. ज्या मेंटॉरची सगळीच्या सगळी मुलं दुसरी पायरी पार करतील, त्याला डिसेंबरात जपानच्या बर्फातल्या शिबिराला पाठवणार. जागा एकच. इराही मेंटॉर. तिला ती हवी होती, आणि केतकीला इराहून जास्त हवी होती, कारण पुढच्या शाळेच्या अर्जात 'नेतृत्व' असा एक रकाना असतो. थोडक्यात काय, चिमुरड्यांच्या पाठीवर पाय देऊन मोठ्यांनी वर चढायचं आणि त्याला समाजसेवा म्हणायचं. यात नवीन असं काहीच नाही. नवीन एवढंच की हे लोक ते हेल्मेट घालून करतात.

मॉलचा वरचा मजला, गुरुवार

मला वाटलं होतं, निदान बर्फ तरी असेल. कुठला बर्फ! खेळण्यांच्या दुकानाशेजारी उतरता पांढरा गालिचा अंथरलेला, आणि तो गालिचा खालून वर सतत सरकत राहतो. पोरगं फळीवर उभं राहून घसरतं, घसरतं आणि जिथल्या तिथेच राहतं. मला आमच्या विद्यापीठातल्या समित्यांची आठवण झाली. कठड्यामागे आईबाप साबुदाण्यासारख्या गोळ्यांचा गार चहा जाड नळीनं ओढत उभे, आणि प्रत्येकाच्या हातात आपल्या पोरावर रोखलेला फोन.

अभिजितचा मुलगा अर्णव हाही मेंटॉर. तो कमरेवर हात ठेवून ओरडत होता, "गुडघे वाकव! किती वेळा सांगू, लाह!" 'लाह' हे तिथल्या बोलण्याचं शेपूट, कुठल्याही वाक्याला लागतं. बिचारा बापाकडूनच शिकला असणार. त्याच्या हाताखालची मुलं बाकीच्यांपेक्षा चटपटीत दिसली, तेव्हा मी केतकीला विचारलं, की हा जादू करतो का? ती हळूच म्हणाली, की त्याची दोन कच्ची मुलं अभिजितनं गेल्या आठवड्यात 'रिझर्व्ह बॅच'मध्ये टाकली, म्हणजे त्यांचा निकाल अर्णवच्या नावावर धरत नाहीत. कारखान्यात बिघडलेलं यंत्र बाजूला काढतात तशीच ही पद्धत.

इरा मात्र गालिच्यावर गुडघे टेकून बसली होती. तिच्यासमोर आठ वर्षांची तन्वी, हेल्मेटखाली अर्धा चेहरा झाकलेला, दोन्ही हातांनी आधाराची दांडी घट्ट धरलेली. इरा तिला काय शिकवत असेल? पडायला! बोटं मिटून मूठ करायची, म्हणजे मनगट मोडत नाही, आणि कोपरापर्यंतच्या हातावर पडायचं. तन्वी पडायची, उठायची, पुन्हा पडायची. त्यात ती हुशार होती. दुसरी पायरी म्हणजे दांडी सोडून, झाडावरून पान गळतं तसं डावीकडून उजवीकडे आणि परत तरंगत यायचं. दांडी सोडायची वेळ आली की मात्र तन्वी कठड्याकडे बघायची आणि तिथेच थिजायची.

घरी आल्यावर केतकीनं विषय काढला. "इरा, तन्वीला रिझर्व्हमध्ये टाक. तिचे पेरेंट्ससुद्धा काही म्हणणार नाहीत. रविवारनंतर परत घे."

"नो."

"तुला जपानला जायचंय की नाही?"

"जायचंय. बट ती माझी आहे." मग इरा माझ्याकडे वळली. "मावशीआजी, तिला पडायची भीती नाही वाटत. सगळे बघतात ना, त्याची वाटते."

मी म्हटलं, "दोघीही मला विचाराल तर हा सगळा फार्स सोडा आणि पत्ते खेळा." कोणी विचारलं नव्हतं. दोघीही आपापल्या खोलीत निघून गेल्या.

काचेच्या पलीकडे, शुक्रवार

शुक्रवारी इरा मला मत्स्यालय दाखवायला घेऊन गेली आणि तन्वीलाही बरोबर घेतलं. तिथे काचेच्या बोगद्यातून चालायचं असतं. लोक चालत नाहीत, काचेकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढतात. इतके सुंदर मासे पाठीमागे असताना माणसाला आपलंच तोंड बघावंसं वाटतं, हे मला माझ्या विषयातलं मोठं कोडं वाटतं.

डोक्यावरून एक भलीमोठी पाकट गेली. पाकट म्हणजे शेपटीला काटा असलेला, ताटासारखा चपटा मासा. कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. तन्वी ओरडली, "शी इज स्मायलिंग!"

"हसत नाहीये ती," मी म्हटलं. "त्या खालच्या बाजूला डोळ्यांसारख्या दिसतात ना, त्या नाकपुड्या आहेत. डोळे वरच्या बाजूला, तोंड खालच्या बाजूला. म्हणजे ही बया जे खाते ते तिला दिसतच नाही."

"मग खाते कशी?" इरानं विचारलं.

मग काय, मला वर्ग मिळाला. वाळूत दडलेल्या खेकड्याच्या अंगातून अगदी क्षीण वीज निघते, ती या माशाच्या तोंडाजवळच्या बारीक छिद्रांना कळते. तो स्वतःला वाळूत पुरून घेतो तेव्हा डोळ्यांमागच्या भोकांतून पाणी आत ओढून श्वास घेतो, नाहीतर तोंडात वाळूच जायची. अंगात हाड औषधालाही नाही, सगळी कूर्चा, आपल्या कानाच्या वरच्या भागात असते तशी. बऱ्याच माशांसारखी ही अंडी टाकून निघून जात नाही. पिल्लं पोटात वाढवते, तिथेच त्यांना दुधासारखा रस पाजते, आणि ती पंख गुंडाळून पोळीच्या सुरळीसारखी जन्माला येतात. तन्वीनं मराठीत ऐकलं आणि प्रश्न इंग्रजीत विचारले. पण विचारले. माझ्या कॉलेजातल्या शेवटच्या बाकांनी जन्मात विचारले नसतील इतके.

"काटा कशाला?" हा तिचा शेवटचा प्रश्न.

"कोणी अंगावर पाय दिला तर. एरवी ती कोणाच्या वाटेला जात नाही. काट्याला करवतीसारखे दात असतात आणि त्यावरच्या त्वचेत विष असतं."

"सो शी इज जस्ट स्केअर्ड, लाह," तन्वी इराला म्हणाली.

काटा लागला तर काय करायचं, हेही दोघींनी विचारून घेतलं. मी सांगितलं, की सोसवेल तितक्या गरम पाण्यात पाय बुडवायचा, कारण विष प्रथिनांचं असतं आणि उष्णतेनं निकामी होतं. पाणी आधी दुसऱ्यानं आपल्या हातानं तपासायचं, कारण दुखणाऱ्याला अंदाज राहत नाही. मग डॉक्टर.

संध्याकाळी ईस्ट कोस्टच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे समुद्रकाठच्या खाण्याच्या ठेल्यांवर, केळीच्या पानात भाजलेली पाकट खाल्ली. वर लाल मिरचीचं वाटण, बाजूला लिंबू. सकाळी जिचं चरित्र सांगितलं तिलाच संध्याकाळी खाणं तन्वीला मान्य नव्हतं, ती भातावर राहिली. चव फार छान होती. या प्रवासात मी मनापासून स्तुती केलेली ही पहिली गोष्ट.

ओहोटी, शनिवार

शनिवारी सकाळी मंडळानं मुलांना समुद्रावर आणलं. गुडघाभर पाण्यात उभं राहून तोल सांभाळायचा सराव. अभिजितनं शिटी वाजवून सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि सुरक्षेवर भाषण दिलं. उन्हाची टोपी, पाण्याची बाटली, जोडीदाराचा हात. कारखान्यात सकाळी देतो तेच असावं, फक्त अ‍ॅसिडच्या जागी सनस्क्रीन.

मी म्हटलं, "अभिजित, ओहोटी आहे, वाळू मऊ आहे. पाण्यात पाय उचलून टाकू नका. तळाला घासत चाला, म्हणजे पाकट असली तर आधीच निघून जाते."

"मावशी, तुम्ही बसा सावलीत," तो प्रेमानं म्हणाला.

केतकी हसली. "मावशी, हे सिंगापूर आहे गं. इथे सगळं कंट्रोल्ड असतं."

मुलं मात्र पाय घासत गेली, कारण इरा आणि तन्वीनं तसं केलं आणि बाकीच्यांना ती गंमत वाटली. मोठ्यांपैकी कोणी घासलं नाही. केतकी इराचा व्हिडिओ घेत पाण्यात उलट्या पावली चालत होती. आणि एकाएकी ती किंचाळली. मी तिला तिच्या जन्मापासून ओळखते. तिचं तसं ओरडणं मी कधी ऐकलं नव्हतं.

चौघांनी उचलून तिला वाळूवर आणलं. घोट्याजवळ जखम, रक्त, आणि वेदनेनं पांढरा पडलेला चेहरा. सांगायला हरकत नाही, पहिल्या क्षणी मला 'सांगत होते ना' असंच वाटलं. तिनं माझा हात घट्ट धरला, तेव्हा ते वाटणं गेलं.

आणि मग या बर्फाळ मंडळानं जे केलं ते दुसरं कोणी केलं नसतं. त्यांच्या पिशव्यांत बर्फाच्या थैल्या तयार असतात. पोरगं पडलं, मुरगळलं, आपटलं, की थैली. गेली कित्येक वर्षं त्यांचा एकच उपाय आणि तो नेहमी बरोबर ठरलेला. अभिजितनं एकीकडे रुग्णवाहिकेला फोन लावला आणि दुसरीकडे केतकीच्या पायाला चारी बाजूंनी बर्फ बांधला. ती आणखीनच कळवळली. "थोडं सहन कर, आत्ता बधिर होईल," तो म्हणाला.

"काढा तो बर्फ!" मी ओरडले. "गरम पाणी आणा!" माझा आवाज दोनशे मुलांच्या वर्गात शेवटपर्यंत पोचायचा. इथे समोरच्यापर्यंत पोचला नाही. दोनतीन बायकांनी मला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं आणि पाणी प्यायला दिलं. गार!

इरा ओरडली नाही. ती आईसमोर गुडघे टेकून बसली, पट्टा सोडला आणि थैल्या बाजूला ठेवल्या. अभिजित काही म्हणायला गेला, तर त्याच्याकडे न बघता म्हणाली, "अंकल, प्लीज." मग तन्वीला म्हणाली, "हॉट वॉटर. कालची आंटी. गो."

आणि चारचौघांच्या नजरेनं थिजणारी ती मुलगी भरल्या हॉकर सेंटरमधून धावत गेली. काल ज्या बाईनं पाकट भाजून दिली होती, तिला काय सांगितलं देव जाणे. ती बाई स्वतःच गरम पाण्याची बादली घेऊन आली. "स्टिंगरे आह? आइस कॅनॉट, लाह," म्हणजे पाकटीला बर्फ चालत नाही, असं ती अभिजितकडे बघून म्हणाली आणि परत कामाला गेली.

इरानं पाण्यात आपला हात घालून बघितला, थोडं गार पाणी मिसळलं, पुन्हा बघितला, आणि मग आईचा पाय अलगद आत ठेवला. केतकी हमसून रडत होती. बँकेत जिच्यासमोर लोक बसायला घाबरतात ती बाई. भोवती सगळे जमलेले, एकदोघांचे फोनही निघालेले.

"बघू नका म्हणावं त्यांना," केतकी पुटपुटली.

इरा उठली. "एव्हरीबडी, टर्न अराउंड. समुद्र बघा." आणि ती मोठी माणसं वळली, काय सांगू! अभिजितसुद्धा वळला. मग इरा पुन्हा खाली बसली. "आई, पायाकडे नको, माझ्याकडे बघ. मूठ मिट. हां. आता सोड." गुरुवारी गालिच्यावर तन्वीला सांगत होती त्याच सुरात. रुग्णवाहिका येईपर्यंत केतकीचे ओठ पुन्हा गुलाबी दिसू लागले होते.

दवाखान्यात डॉक्टरांनी जखम धुतली, काट्याचा तुकडा राहिला नाही ना ते पाहिलं, इंजेक्शन दिलं, आणि गरम पाणी कोणाला सुचलं म्हणून विचारलं. केतकीनं इराकडे बोट दाखवलं.

परीक्षा, रविवार

रविवारी केतकी बँडेज बांधून, काठी टेकत मॉलमध्ये आली. मी नको म्हटलं होतं. परीक्षा सुरू व्हायच्या आधी अभिजित तिच्याकडे आला. माणूस वाईट नाही, शनिवारनंतर तर फारच नरमला होता. त्याला खरंच काहीतरी चांगलं करायचं होतं.

"केतकी, इराची बाकी सगळी मुलं नक्की क्लिअर करतील. आजच्यापुरती तन्वीला रिझर्व्हमध्ये दाखवू. तू फक्त हो म्हण, मी इराशी बोलतो. कालच्यानंतर ती सीट तिलाच मिळायला हवी, सगळ्यांना तसंच वाटतं."

आठवडाभर केतकी हेच मागत होती. आता ते ताटात वाढून समोर आलं होतं. तिनं इराकडे बघितलं. इरा तन्वीच्या हेल्मेटचा पट्टा घट्ट करत होती.

"नको," केतकी म्हणाली. "ती इराची आहे."

तन्वीची पाळी आली. तिनं दांडी सोडली. डावीकडून उजवीकडे अगदी छान तरंगत गेली. परत येताना तिची नजर कठड्याकडे गेली, तिथल्या सगळ्या फोनांकडे, आणि ती पडली. मूठ मिटून, हातावर, शिकवलं होतं तशी व्यवस्थित. लगेच उठली आणि उरलेलं अंतर पूर्ण केलं. पण नियमात पडणं म्हणजे नापास. जपानची जागा अर्णवला गेली. टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. मला त्या मंडळाचा इतका राग आला की मी कोणाचा निरोपही घेतला नाही. ज्या पोरखेळाची मी चार दिवस टिंगल केली, तो त्या पोरीनं जिंकावा म्हणून मी मुठी आवळून उभी होते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

इरा तन्वीशी हसून बोलली, तिला टाळी दिली. टॅक्सीत बसल्यावर मात्र खिडकीकडे तोंड करून रडू लागली.

"आई, मला जायचं होतं."

"माहीत आहे गं," केतकी म्हणाली.

मला समजूत घालता येत नाही. तरी म्हटलं, "अगं, जपानचा काय आणि दुसरीकडचा काय, बर्फ तो बर्फच. तू पाहिलेला असशीलच की."

"नाही पाहिला."

"म्हणजे?"

"रिअल स्नो मी कधीच पाहिला नाही, मावशीआजी. लाँग हॉलिडेज डिसेंबरमध्येच असतात. डिसेंबरमध्ये आम्ही पुण्याला येतो ना. एव्हरी इयर. आजी वाट बघते. तू पण बघतेस."

तक्रार नव्हती तिच्या आवाजात. शाळेचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं. केतकी काठीच्या मुठीकडे बघत राहिली. पाच पोरांना बर्फावर उभं राहायला शिकवणाऱ्या मुलीनं बर्फ पाहिलेलाच नव्हता, आणि तो का पाहिला नव्हता, तर आमच्या घरी दर डिसेंबरात गुळाच्या पोळ्या खायला यायचं म्हणून.

"या वर्षी येऊ नका," मी म्हटलं. "दोघी कुठेतरी बर्फात जा."

"आणि आजी?" इरानं विचारलं.

"आजीला मी सांगते."

तसं म्हणून आले खरी. आजी म्हणजे माझी बहीण, माझ्या खालच्याच मजल्यावर राहते. परत आल्यापासून ती रोज संध्याकाळी चहाला वर येते आणि केतकी-इरा या खेपेला किती दिवस राहणार म्हणून विचारते. मी तिला अजून सांगितलेलं नाही.